छत्तीसचा आकडा असलेला माणूस त्याच कंपनीत आहे? मग अर्ज असा करा

जळगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीची जाहिरात व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. काम ओळखीचं, पगार आहे त्यापेक्षा बरा, घरचा डबा नेता येईल एवढं अंतर. तुम्ही बायोडेटा नीट करायला बसता आणि तेवढ्यात मित्राचा मेसेज येतो : 'तठे तो शे ना भो!' (तिथे तो आहे ना!) तो म्हणजे कोण, हे विचारावं लागत नाही. आधीच्या नोकरीत ज्यानं रडकुंडीला आणलं होतं, तोच. बायोडेटा मोबाइलमध्ये तसाच पडून राहतो आणि मुदत निघून जाते.

पहिली किंवा दुसरी नोकरी बदलणाऱ्या पोरांचं हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता लिहूनच काढतो.

मोठ्या शहरात यावर सल्ला सोपा असतो, दुसरीकडे बघ. आपल्याकडे खानदेशात 'दुसरीकडे' फार नाही. जळगावला पाइप, ठिबक, चटई, डाळ मिल, सोनं. भुसावळला रेल्वे आणि दीपनगरचं वीज केंद्र. धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार भागात सूत, तेल, स्टार्च, मिरची. ज्यानं पाइपच्या डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल गाडीत भरून रवाना करणाऱ्या खात्यात, तीन वर्षं काढली, त्याच्यापुढे मोजक्याच पाट्या असतात आणि माणसं त्याच पाट्यांखाली फिरून फिरून येतात. 1990 साली जळगावला विद्यापीठ झालं, तेव्हापासून इथल्या बहुतेकांच्या डिग्रीवर एकच शिक्का. एचआरवाला तुमच्या मावसभावाचा वर्गमित्र निघणार, हे धरूनच चाला. एका माणसाला टाळायचं म्हणून पुणं गाठलं तर खोली, खानावळ आणि दर सणाला महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टकडे डोळे लावून बसणं. ती किंमत कधी कधी द्यावीही लागते, पण हिशेब करून द्यावी.

आधी एक कागद घ्या

'तो फार त्रासदायक आहे' यावरून काहीच ठरत नाही. वहीच्या एका पानावर तीन प्रसंग लिहा. काय झालं, कोण हजर होतं, नुकसान काय झालं. तारीख आठवत नसेल तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी की दिवाळीनंतर, एवढं तरी आठवा. तीन प्रसंग सुचतच नसतील आणि नुसता 'त्याचं बोलणंच तसं' एवढंच सुचत असेल, तर तो माणूस तुम्हाला आवडत नाही, इतकंच आहे. न आवडणाऱ्या माणसासोबत नोकरी करता येते. सगळेच करतात.

माझ्या पानावर पहिला प्रसंग हा होता. मी एका पाइप कारखान्यात डिस्पॅचला होतो. मे महिना, खरिपाआधीची धावपळ, गेटबाहेर गाड्यांची रांग. बऱ्हाणपूरला गेलेल्या गाडीत अडीच इंची पाइपाचे 20 नग कमी भरले, पार्टीचा फोन आला. स्टोअरचं रजिस्टर उघडलं तर मी सकाळी पाहिलेला आकडा काळ्या शाईचा होता, आता त्याच्यावरून निळ्या पेनानं गिरवलेलं होतं. आठाच्या खालून सहाचं पोट स्पष्ट दिसत होतं. स्टोअरवाला शांतपणे म्हणाला, 'माल पूर्ण दिला होता, गाडी यांनी भरली.' तो तिथे नऊ वर्षांपासून, मी आठ महिन्यांपासून. साहेबांनी कुणाचं ऐकलं ते सांगायला नको. मी मोबाइल खिशात असून त्या पानाचा फोटो काढला नाही, ही माझी चूक.

हे पान लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की तो माझ्यावर डूख धरून नव्हता. चूक निघाली की ती शेजाऱ्याच्या अंगणात ढकलायची, ही त्याची सवय. शेजारी मी होतो. म्हणजे त्याच्यापासून वाचायचं तर त्याच्या शेजारच्या टेबलावरची, त्याच्या सहीवर चालणारी जागा नको, लांबची चालेल. पानाचा उपयोग हा असा होतो. श्रेय लाटणारा असेल तर एकाच प्रोजेक्टवर दोघं नको. तापट असेल आणि नंतर विसरून जाणारा असेल, तर खरं सांगतो, त्याच्यासाठी नोकरी सोडू नका. आणि तीनपैकी दोन प्रसंगांत सुरुवात तुम्हीच केलेली दिसली, तर तेही त्याच पानावर लिहून ठेवा. पुढे त्याला आधी मेसेज करायचा का, हे ठरवताना कामाला येईल.

एक प्रकार मात्र या सगळ्याबाहेरचा. त्रास लैंगिक छळाचा असेल, तर त्याला 'अवघड स्वभाव' म्हणून गुंडाळू नका. 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष स्त्रीच असते आणि समितीची माहिती दिसेल अशी लावावी लागते. त्याहून लहान जागा असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. प्रसंगापासून 3 महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. उशिराचं कारण समितीला पटलं तर आणखी 3 महिने मिळतात. नव्या कंपनीत मुलाखतीला गेलेल्या मुलींनी नोटीस बोर्डाकडे एक नजर टाकावी. समितीची नावं तिथे नसतील तर ती कंपनी कशी चालते ते कळलंच. आणि असा माणूस थेट वरिष्ठ असणार असेल, तर पगार कितीही असो, तिथे अर्ज करू नका, असंच मी माझ्या बहिणीलाही सांगेन.

तो आहे का, हे नको; तो कुठे बसतो, हे शोधा

बहुतेक जण इथेच घाबरून थांबतात. तीनशे माणसांच्या कारखान्यात 'तो आहे' याला काही अर्थ नाही. चार गोष्टी कळल्या पाहिजेत. तो कोणत्या खात्यात, कोणत्या शिफ्टला, तुमच्या जागेचा साहेब कोण, आणि तुमच्या रोजच्या कामातला एखादा कागद त्याच्या सहीशिवाय पुढे जातो का. चौथी सगळ्यात महत्त्वाची. दोन खाती वेगळी असूनही गेट पासवर त्याची सही लागत असेल, तर तो रोज संध्याकाळी साडेपाचला तुमचा साहेब आहे.

माहिती काढायला लिंक्डइनपेक्षा भुसावळ-जळगाव अपडाऊनच्या रेल्वेचा डबा बरा. तिथे कोण कुठे लागलं, कुणाचं कुणाशी वाजलं, हे पंचवीस किलोमीटरमध्ये कळतं. पण तीच अडचणही आहे. तुम्ही त्याच्याबद्दल विचारताय, हे परतीच्या गाडीत त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असतं. म्हणून विचारताना त्याचं नाव घेऊच नका. 'डिस्पॅचमध्ये जागा निघालीय म्हणे, तिथे साहेब कोण? स्टोअर कोण बघतं?' एवढं विचारा, नाव समोरूनच येतं. ट्रान्सपोर्टवाले आणि कँटीनचा ठेकेदार यांनाही बरंच ठाऊक असतं, शिवाय ते कुणाच्या बाजूचे नसतात.

कधी कधी या चौकशीत कळतं की त्यानं दिवाळीतच ती कंपनी सोडली. सुंठीवाचून खोकला गेला.

त्याच्या आधी तुमची माणसं बोलली पाहिजेत

मोठ्या कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायला बाहेरची एजन्सी लावतात. आपल्याकडे निम्म्या ठिकाणी शेठ शेठला फोन लावतो, आणि त्याहून आधी एचआरवाला आपल्याच माणसाला हाक मारतो, 'अहो, हा तुमच्या जुन्या कंपनीतला ना? कसा आहे?' त्या वेळी तिथे तुमच्या बाजूचं काहीच पोहोचलेलं नसेल, तर त्याचं एक वाक्य भारी पडतं. त्यानं फार काही बोलायचीही गरज नसते. 'ठीक आहे' म्हणताना मान जराशी वाकडी केली तरी काम होतं.

तेव्हा अर्ज टाकायच्या आधी जुन्या नोकरीतला एक वरिष्ठ गाठा, ज्यानं तुमचं काम स्वतः पाहिलंय. फोनवर नको, जाऊन भेटा. मी माझ्या जुन्या सुपरवायझरकडे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, रविवारी सकाळी गेलो. रडगाणं गायलो नाही. म्हटलं, 'अण्णा, अमुक ठिकाणी अर्ज करतोय. तुमचं नाव आणि नंबर दिला तर चालेल का? आणि विचारलंच तर त्या सीझनला रोजच्या गाड्या मी कशा काढायचो तेवढं सांगा.' अण्णांनी चहा संपवला, म्हणाले, 'तो तिथंच आहे, माहीत आहे ना?' म्हटलं, माहीत आहे. 'मग माझा नंबर वरच लिही.' ओळखीचा माणूस निवडताना लक्षात घ्या, तुमचं कौतुक करणाऱ्यापेक्षा तुमच्या एखाद्या ठरावीक कामाबद्दल सांगू शकणारा हवा. 'पोरगं चांगलं आहे' हे सगळेच म्हणतात.

कागद तर हवेतच. अनुभव पत्र, कार्यमुक्तीचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार पावत्या, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर). ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून जुन्या नोकरीच्या दोन्ही तारखा बघून घ्या. सोडल्याची तारीख कोरी असेल तर जुन्या ऑफिसला सांगा. त्यांनी टोलवाटोलवी केली तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतः ती तारीख पोर्टलवर भरू शकता. बायोडेटातल्या तारखा याच्याशी जुळल्या पाहिजेत. समोर तुमच्या चुका ओळखणारा माणूस बसलेला असताना एक महिन्याचाही फरक ठेवू नये.

फॉर्ममधला तो रकाना

पुष्कळ कंपन्यांच्या अर्जात विचारतात, 'आमच्याकडे आपल्या ओळखीचं कोणी काम करतं का?' हा रकाना कोरा सोडायचा मोह होतो. सोडू नका. उद्या तो सहज म्हणाला, 'अरे, आम्ही एका टेबलावर होतो,' तर तुम्ही लपवलं असं दिसतं, आणि लपवण्याला त्यानं अजून काही जोडायचीही गरज उरत नाही. त्याचं नाव लिहा, पुढे 'पूर्वीचे सहकारी' एवढंच. संदर्भाच्या रकान्यात मात्र त्याचं नाव नको. दोन्ही रकाने वेगळे आहेत, घाईत नवखे लोक एकात दुसरं भरतात.

मुलाखत

स्टोअरवाल्याच्या त्या प्रकरणानंतर पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, 'ती नोकरी का सोडली?' मी सांगायला लागलो. बऱ्हाणपूरची गाडी, 20 नग, निळा पेन, सगळं. समोरच्या बाई सुरुवातीला लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी तरी बोलतच होतो. बाहेर पडलो तेव्हा उन्हापेक्षा आतच जास्त घामाघूम झालो होतो. माझी बाजू खरी होती, आणि ती नोकरी मला मिळाली नाही.

ऐकणाऱ्याला खरं-खोटं करायला वेळ नसतो. त्याला फक्त दिसतं की हा माणूस भांडण सोबत घेऊन फिरतो. म्हणून तुमच्याकडून विषय काढू नका. विचारलंच तर दोन वाक्यं तयार ठेवा आणि तिसरं बोलू नका. मी नंतर ही पाठ केली होती : 'हो, ओळखतो, आम्ही आठ महिने बरोबर होतो. कामाची पद्धत वेगळी होती, पण इथे कामाचा संबंध आला तर मला अडचण नाही.' घरी आरशासमोर नको, बायकोसमोर किंवा भावासमोर म्हणून बघा. 'पद्धत वेगळी' म्हणताना ओठ मुडपला जातो का, ते त्यांना दिसतं.

खोदून विचारलं तर? 'नेमकं काय झालं होतं?' तेव्हा माणूस बाजूला ठेवा आणि कामाबद्दल बोला. 'मालाच्या मोजणीत एकदा घोळ झाला होता. तेव्हापासून मी गाडी सुटायच्या आधी नगांचा फोटो आणि ड्रायव्हरची सही घेतो.' यात कुणाचं नाव नाही, आणि तुम्ही काय शिकलात ते त्यांना कळतं. यात खोटंही काही नाही. मी खरंच तेव्हापासून घेतो.

तुम्हीही एक प्रश्न विचारा : 'या जागेचं रिपोर्टिंग कोणाला असेल? आणि रोजचा संबंध कोणत्या खात्यांशी येईल?' हा प्रश्न कुणीही शहाणा उमेदवार विचारतो, त्यातून शंका येत नाही.

त्याला आधी मेसेज करावा का?

यावर माझं मत घरच्यांनाही पटत नाही. माझ्या मते भांडण दोन्ही बाजूंनी झालेलं असेल तर करावा, आणि मुलाखतीचं बोलावणं आल्यावरच करावा; नुसता अर्ज टाकून नको. मजकूर सपाट ठेवा : 'नमस्कार भाऊ, तुमच्या कंपनीत डिस्पॅचच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलंय. गुरुवारी येतोय. कळवून ठेवलं.' माफी नको, 'जुनं विसरून जाऊ' नको, 'जरा शब्द टाका' तर मुळीच नको. इतक्यानं बरेच लोक निवळतात, कारण तुम्ही त्यांना डावलून आला नाहीत. चूक खरोखर तुमची होती तर एक वाक्य वाढवा, 'त्या वेळी मी जास्त बोललो होतो.' तेही समोर भेटल्यावर बोललेलं बरं. लिहिलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट निघतो.

चूक ढकलणाऱ्याला किंवा कान भरणाऱ्याला मात्र मेसेज करू नका. त्याला आधी कळवणं म्हणजे त्याला चार दिवस जास्त देणं. मी केला नव्हता. मुलाखतीला गेलो तर जिन्यातच भेटला, हातात स्टीलचा चहाचा ग्लास. 'अरे भो, तू आठे?' (तू इथे?) म्हटलं, 'हो भाऊ, मुलाखत आहे,' आणि वर गेलो. एवढंच.

ऑफर हातात आली की

तोंडी 'या सोमवारपासून' यावर जुनी नोकरी सोडू नका, हे कुठल्याही वेळी खरं, इथे जास्तच. कारण मधल्या दिवसांत कोणी काही बोललं आणि त्यांचं मन फिरलं, तर तुम्ही ना घरचे ना घाटाचे. ऑफर लेटरवर पद, पगार, खातं आणि रिपोर्टिंग लिहिलेलं आहे का ते बघा. रिपोर्टिंग नसेल तर ईमेलवर विचारा, 'माझं रिपोर्टिंग अमुक साहेबांना असेल असं मुलाखतीत ठरलं, तेवढं कृपया कळवावं.' उत्तर आलं की जपून ठेवा. ऐन वेळी 'आधी दोन महिने स्टोअरला बसा' असं झालं तर बोलायला कागद असतो.

इथे थांबून परत ते पहिलं पान काढा. चौकशीत कळलेलं आणि पानावर लिहिलेलं शेजारी ठेवा. त्याची सही तुमच्या कामात रोज लागणार असेल आणि तीन प्रसंग त्या सहीबद्दलचेच असतील, तर नाही म्हणा. लाज वाटून घेऊ नका. 'घरगुती कारणानं सध्या जमत नाही' एवढं पुरे. दुसऱ्या खात्याची जागा पुढे निघाली तर हेच लोक पुन्हा बोलावतात.

पहिला महिना

त्याला हाक कशी मारायची, हे आदल्या रात्रीच ठरवा. पूर्वी अरे-तुरे असेल तर आता सर्वांसमोर 'भाऊ' आणि 'तुम्ही'. आपल्याकडे 'भाऊ' कुणालाही चालतं, त्यात मान आहे आणि दोन हातांचं अंतरही आहे. पहिल्या दिवशी स्वतःहून नमस्कार करा. तो वळला नाही तरी बघणारे बघतात.

जुन्या कंपनीच्या गोष्टी काढू नका. कोणीतरी मुद्दाम काढतंच, डब्याच्या वेळी, 'तुमचं तिकडे काहीतरी झालं होतं म्हणे?' त्यावर 'झालं ते झालं, भाजी कुणी आणली?' असं म्हणून डबा पुढे करायचा. हिवाळ्यात भरीत पार्टी असते, त्या दिवशी सगळ्यांना बोलायला वेळ असतो, तेव्हा विशेष सांभाळा.

कामाचं बोलणं त्याच्याशी लेखी. तोंडी ठरलं तरी दहा मिनिटांनी दोन ओळींचा मेसेज, 'आत्ता ठरल्याप्रमाणे 63 एमएमचे 120 नग दुपारच्या गाडीला.' हे सगळ्यांशीच करा, एकट्या त्याच्याशी केलंत तर ते संशयासारखं दिसतं. आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो संध्याकाळी रोज, न चुकता. कंपनीत मोबाइल गेटवर ठेवायला लावत असतील तर आकडे स्वतःच्या वहीत, वेळ लिहून.

खरोखर काही घडलं तर पहिल्यांदा त्याच्याशीच, बाजूला घेऊन. दुसऱ्यांदा तुमच्या साहेबांकडे, कागद घेऊन, आणि त्यात जुन्या कंपनीचा उल्लेख न करता. जुनं नवं एकत्र केलंत की साहेब म्हणतात, 'तुमचं आधीचंच आहे,' आणि नवी तक्रारही त्यातच बुडते.

प्रोबेशन बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात नोटीस पिरियड कमी असतो. किती, ते नेमणूक पत्रात वाचून ठेवा. तिसऱ्या महिन्यातही रोज सकाळी अजिंठा चौफुली ओलांडताना पोटात गोळा येत असेल, तर प्रोबेशनमध्येच बाहेर पडणं सोपं. निघताना कार्यमुक्तीचं पत्र त्याच दिवशी मागा, आणि यूएएनमध्ये सोडल्याची तारीख पडली का ते दोन महिन्यांनी बघा.